होडी रुतली असता उतरावे कोणी?

माणसाची परीक्षा संकटात होते असे आपण म्हणतो, आणि संकट म्हटले की खवळलेला समुद्र, तुफान वारा, फाटलेले शीड असे भव्य चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. लहान होडीतून उथळ उपनदीने जाताना जे संकट ओढवते, ते या जातीचे नव्हे. तेथे बुडण्याचे भय थोडे. खरे भय रुतण्याचे. गुडघाभर पाण्यात होडीचा तळ वाळूला लागतो, होडी जागच्या जागी थांबते, आणि आत बसलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कोणाच्या प्राणावर बेतलेले नसते. कोणीतरी खाली उतरून चिखलात पाय घालावयाचा असतो, एवढेच. तो कोणी घालावा?

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु कुटुंब, गाव, संस्था आणि देवस्थान यांच्या कारभारात आपल्यावर येणारे बहुतेक प्रसंग वादळाचे नसून याच जातीचे असतात. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करणे उचित होईल.

प्रथम नदीचा स्वभाव पाहू. सह्याद्रीतून उतरून केरी, साखळी या गावांवरून येणारी व पुढे मांडवीस मिळणारी वाळवंटी ही आपल्या परिचयाची उपनदी आहे. तिच्या नावातच वाळवंट आहे. साखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तिच्या पात्रात सजविलेल्या नौका सोडतात, आणि तो सोहळा पाहावयास दूरदूरची माणसे काठावर जमतात. पावसाळ्यात हीच नदी काठ सोडून गावात शिरू पाहते. आणि पाऊस सरल्यावर काही ठिकाणी तिचा तळ डोळ्यांना दिसावा इतकी ती रोडावते. अशा नदीला दोन धनी असतात. एक वरचा डोंगर. तो गोडे पाणी पाठवितो आणि त्याबरोबर माती व वाळूही पाठवितो. दुसरा खालचा समुद्र. तो दिवसातून दोन वेळा आपले पाणी वर चढवितो व दोन वेळा ते परत घेतो. मांडवीत समुद्राची भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते, आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खालच्या भागातही भरतीचाच अंमल चालतो.

पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा उधाण असते, पाणी पुष्कळ चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या सुमारास ही ओढ परस्परांस काटकोनात पडते. तेव्हा भांग असतो आणि चढउतार बेताचा राहतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. जुन्या मापाने घटका २४ मिनिटांची, म्हणजे तिथीमागे दोन घटका धराव्या की हिशेब जवळजवळ जुळतो. आपले पंचांग या दृष्टीने केवळ मुहूर्त सांगणारे पुस्तक नसून नदीचेही वेळापत्रक आहे.

उथळ पाण्यातून होडी नेणे हे बळापेक्षा लक्ष देण्याचे काम आहे. वल्ह्याचे पाते पुरते बुडावयास तेथे पाणी नसते. म्हणून नावाडी वेळूची लांब काठी घेऊन उभा राहतो व तळाला टेका देत होडी पुढे सारतो. तीच काठी त्याला ठाव सांगते. टोक टणक लागले तर खाली वाळू किंवा खडप. रुतून बसले तर गाळ. वळणावर तो बाहेरच्या काठाजवळून जातो, कारण प्रवाह तेथे जोराने वाहून तळ खणीत असतो व आतल्या बाजूस वाळू टाकीत असतो. दोन प्रवाह मिळतात तेथे पाण्याचा वेग मंदावून वाळूचा दांडा साचलेला असावयाचा, हे तो गृहीत धरतो. वारा पडलेला असता पाण्यावर एके ठिकाणी बारीक सुरकुत्या उठताना दिसल्या, तर ती जागा तो टाळतो.

परंतु या सर्वांहून मोठा नियम निराळाच आहे. अपरिचित उथळ वाटेने जावयाचे तर चढत्या भरतीत जावे, उतरत्या पाण्यात जाऊ नये. भरतीत होडी रुतली तर स्वस्थ बसणे हाही उपाय ठरतो. थोड्या वेळाने नदी स्वतःच तिला उचलून देते. ओहोटीत रुतली तर क्षणोक्षणी पाणी कमी होत जाते, आणि आता जे काम एका माणसाने होईल, त्यास घटकेनंतर चार माणसे पुरत नाहीत. स्वस्थ बसलेली माणसे दोन्ही वेळी सारखीच दिसतात. एका वेळी तिला धीर म्हणावे व दुसऱ्या वेळी आळस म्हणावे, हे पाणी कोणत्या दिशेस चालले आहे ते पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही.

आता रुतलेल्या होडीकडे वळू. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सर्वांनी पाठ केलेला आहे : तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. पाण्याच्या पातळीशी जिचा विस्तार ४ चौरस मीटर भरेल अशी एक लहान होडी कल्पावी. तीत ६० किलो वजनाचा एक माणूस बसला म्हणजे ६० लिटर पाणी बाजूस सारले जाते, आणि होडी दीड सेंटिमीटर खाली जाते. चार माणसे बसली की ६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन बोटे. मांडवीच्या खोल पात्रात या तीन बोटांची दखलही कोणी घेत नाही. तेथे दोन माणसे अधिक बसली काय आणि कमी बसली काय, होडी सारखीच चालते, आणि प्रत्येकास वाटते की आपला भार कोणावर नाही. उथळ उपनदीत मात्र चालणे आणि अडकणे यांतील सगळे अंतर त्या तीन बोटांचे असते.

या साध्या गणितातून एक नैतिक सत्य निघते, आणि तेच मला वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. जो खाली उतरतो तो एकाच वेळी दोन कामे करतो. होडी ढकलतो, आणि आपला भार तिच्यावरून काढून घेतो. जो वर बसून राहतो तो काहीच करीत नाही असे आपण समजतो, परंतु ते खरे नाही. तोही एक काम करीत असतो. तो होडी दाबून धरीत असतो. खाली उभा असलेला माणूस जितक्या जोराने होडी सोडवू पाहतो, तितक्या प्रमाणात वर बसलेला तीस वाळूत रोवून ठेवतो, मग त्याच्या मनात सहानुभूती कितीही असो.

मग उतरावे कोणी? याची तीन उत्तरे आपण नेहमी ऐकतो.

पहिले उत्तर असे, की नावाड्याने उतरावे. त्यासाठीच त्याला भाडे दिले आहे. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. भाड्याच्या मोबदल्यात त्याचे कौशल्य व त्याचे श्रम आपल्याला मिळतात, आणि तो बहुधा सर्वांच्या आधी उतरतोही. पण तो उतरला म्हणजे त्याचे वजन कमी झाले. आपले तसेच राहिले. पैसे देऊन दुसऱ्याचे हात विकत घेता येतात, परंतु पैसे देऊन आपले वजन दुसऱ्याकडून उतरवून घेता येत नाही. देवस्थानास वर्गणी भरणे हे प्रत्येक सभासदाचे कर्तव्य आहे आणि वर्गणीवाचून उत्सव होत नाही, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की पावती हाती आली म्हणजे आपला भार उतरला, हा समज फसवा आहे.

दुसरे उत्तर असे, की तरुणांनी उतरावे. यातही तथ्य आहे. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने पुढे व्हावे हे स्वाभाविकच होय. मी स्वतः त्याच वयाचा असल्यामुळे ही जबाबदारी टाळण्याचा माझा हेतू नाही. परंतु आज आपल्या घराघरांतील तरुण मुंबईस, बंगळुरास किंवा आखातात आहेत. गावी जे चार राहिले, त्यांचीच नावे प्रत्येक वेळी घेतली गेली तर काही वर्षांत तेही थकून काठावर जाऊन बसतील. शिवाय वय हे बळाचे एकमेव माप नव्हे. पन्नाशीचा धडधाकट गृहस्थ पाण्यात उभा राहू शकतो, आणि ज्याला ढकलणे झेपत नाही तोही पाय टेकून होडीस हलकी करू शकतो.

तिसरे उत्तर आपण स्पष्टपणे उच्चारीत नाही, परंतु मनात धरून चालतो. ज्यांची ती परंपरेने चालत आलेली सेवा आहे, त्यांनीच उतरावे. कोणी बसावे आणि कोणी उतरावे हे जणू जन्मतःच ठरलेले आहे. या उत्तराकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे.

सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांवर जो प्रसंग आला तो सर्वांस विदित आहे. श्रीमंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी ओलांडून प्रियोळास आले. श्रीसप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून नदीपलीकडे नार्व्यास आले, आणि १६६८ साली श्रीशिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. देव कोठून निघाले व कोठे स्थिरावले हे आपण मुलांना सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु देव ज्या पाण्यावरून आले, तेथे होडी धरणारे, काठावरच्या चिखलात उभे राहून ती मूर्ती वर घेणारे हात कोणाचे होते, त्यांची नावे आपल्या तोंडी नाहीत. त्या प्रसंगी कोणी बसावयाचे व कोणी उतरावयाचे याचा वाद घालीत बसणे परवडले असते काय? ज्याचे पाय पाण्यात पोहोचले त्याने होडी लावली असेल, असेच मानणे बुद्धीस पटते. देवाचे स्थलांतर ज्यांच्या श्रमांनी घडले त्यांच्या वंशजांकडे आज आपण केवळ अंगमेहनतीचा वाटा राखून ठेवावा, आणि निर्णयाचा वाटा आपल्याकडे ठेवावा, हे त्या इतिहासास शोभत नाही.

येथे सोवळ्याचा प्रश्न उपस्थित होईल. पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे तो मला टाळता येणार नाही. मूर्ती ज्याच्या हाती आहे त्याने ती सोडून पाण्यात उडी घ्यावी असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्या नदीच्या पाण्याने स्नान करून आपण सोवळे होतो, त्याच नदीत काम करण्यासाठी पाय घातल्याने आपण ओवळे होतो, हे तर्कास धरून नाही. पायाला लागलेला गाळ तांब्याभर पाण्याने जातो. दुसऱ्याच्या पाठीवर आपला भार टाकून कोरडे राहिलो, तर ते कोरडेपण कोणत्या पाण्याने धुवावे?

आपल्या भाषेनेच या बाबतीत वाट दाखवून ठेविली आहे. संस्कृतातील 'तॄ' या धातूचा अर्थ ओलांडणे, तरून जाणे. तरणे, तारणे, तारू, तारी हे शब्द त्याच कुळातील. 'तीर्थ' हाही त्याच धातूपासून झालेला शब्द आहे; नदीत उतरण्याची, नदी ओलांडण्याची जागा, हा त्याचा मूळ अर्थ. अर्थात् तीर्थ म्हणजे जेथे पाणी पायाखाली येते, जेथे माणूस खाली उतरू शकतो, असे स्थळ. नदी पायी ओलांडता येईल अशा जागेस मराठीत आपण 'उतार' म्हणतो; 'उतरणे' आणि 'अवतार' यांचे मूळही हेच. परमेश्वर जगाच्या उद्धारासाठी खाली येतो, त्या खाली येण्याला आपण अवतार म्हणून पूजतो. मग सहप्रवाशांच्या सोयीसाठी होडीतून गुडघाभर पाण्यात खाली येणे, यात आपल्या प्रतिष्ठेस कमीपणा कोठून आला?

आपल्याकडे याचे एक सुंदर दृश्य उदाहरणही आहे. मांडवी व जुवारी यांस जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींस बांधून त्यांवर गणरायास बसवितात आणि वाजतगाजत पाण्यावरून नेतात. तो दिवस दशमीच्या सुमारास येतो, म्हणजे भांगाच्या दिवसांत. पाण्याचा चढउतार त्या वेळी बेताचा असतो. काठावरील हजारो डोळे सजावटीवर खिळलेले असतात. पण दोन होड्या एकत्र बांधल्या म्हणजे एकीचा भार दुसरीवर येतो, आणि एक रुतली की दुसरीही थांबते. सांगोडाची ही रचना मला आपल्या देवस्थान-संस्थेची खरी प्रतिमा वाटते. सेवेकरी आणि महाजन, गावी राहिलेले आणि परगावी गेलेले, या दोन निरनिराळ्या होड्या नाहीत. त्या बांधलेल्या आहेत.

पोर्तुगीज राजवटीतील १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांचे हक्क, त्यांची सभा, समितीची निवडणूक, हिशेब या गोष्टी कागदावर आणल्या. कारभारास नियम हवेच. परंतु उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळी कोणी उचलाव्या, मंडप कोणी सोडावा, तळीतील गाळ काढताना पहिले घमेले कोणी उचलावे, हे कोणत्याही नियमावलीत लिहिता येत नाही. कोणी कोठे बसावे एवढेच नियम सांगू शकतात. कोणी उतरावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आणि जो मानाने पुढे बसतो त्याने ते सर्वांत आधी ठरवावे, कारण इतरांची दृष्टी त्याच्याकडे असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा जो विचार आला आहे, त्याचा व्यवहारातील अर्थ मला असाच दिसतो.

आणि पाणी कोणत्या दिशेस चालले आहे हेही ओळखले पाहिजे. पालखीला खांदा देणारे, समया घासणारे, आरत्या पाठ असणारे हात गावोगावी कमी होत आहेत. ही ओहोटी आहे. भरतीच्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वस्थ बसून भागविले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. नदी त्यांना उचलीत होती. आज तसे बसणे म्हणजे पुढील पिढीसाठी होडी अधिक खोल रोवून ठेवणे होय.

येथे विवेकाची मर्यादाही सांगावयास हवी. उतरणे म्हणजे उडी मारणे नव्हे. आधी काठीने ठाव पाहावा. कारण गाळ गुडघ्यापर्यंत आहे की कमरेपर्यंत, हे वरून दिसत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात तर मगरीही आहेत; तेथे न पाहता पाण्यात पाय टाकणे यात शौर्य नाही. सर्वांनी एकाच बाजूने एकदम उतरू नये, नाहीतर हलकी होण्याऐवजी होडी कलंडेल. वृद्ध, आजारी, कडेवर मूल असलेली माता यांनी बसूनच राहावे. त्यांना नेण्यासाठीच तर होडी आहे. आणि सुकाणूवर एकाने राहिलेच पाहिजे. त्याने मात्र आपल्या बसण्याला अधिकार न समजता काम समजावे.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती उतरणाऱ्यांविषयी नसून बसलेल्यांविषयी आहे. वाळूतून सुटलेली होडी एकदम पुढे सरकते. आत बसलेल्यांना तो सुटकेचा आनंद इतका असतो, की ज्यांनी ढकलले ते अद्याप मागे पाण्यात उभे आहेत याचा क्षणभर विसर पडतो. चांगला नावाडी अशा वेळी काठी तळाशी रोवून होडी धरून ठेवतो आणि मागे राहिलेल्या प्रत्येकास हात देऊन, ओल्या पायांनी, चिखलासकट आत घेतो. फळ्या थोड्या मळतात. त्या धुता येतात. आपल्या संस्थेची होडी जेव्हा केव्हा खोल पाण्यास लागेल, तेव्हा ज्यांनी तिला खालून रेटा दिला त्यांना आत जागा आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी तिने तेवढा वेळ थांबावे. श्रींच्या चरणी माझी एवढीच प्रार्थना आहे.